जळू समजून ओढलेला दोरा

पोरींच्या बापांशी बोलायचं काम आमच्या कॉलेजात माझ्याकडं आहे. कुणी दिलं नाही, आपसूक आलं. सहल निघाली की प्राणिशास्त्राचे सर बस ठरवणार, मुक्काम ठरवणार, आणि बापलोकांना राजी करायला मी. "तुमच्या तोंडापुढं कुणाचं काय चालतंय, मॅडम," असं ते म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. माहेर उदगीरचं, सासर नांदेडचं. दोन्हीकडं तोंड असल्याशिवाय बाईचं काम होत नाही.

पण देगलूरकडच्या एका खेड्यातून आलेला तो बाप काही केल्या बधेना. त्याची पोरगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, हॉस्टेलवर राहणारी, वनस्पतिशास्त्रात वर्गात पहिली. सहल होती कर्नाटकातल्या घाटात, वर्षावन बघायला. वर्षावन म्हणजे काय, असं त्यानं विचारलं आणि मी घाईत म्हणाले, "रान हो. मोठं रान." तिथंच फसले. आमच्या भागात रान म्हणजे शेत. माणूस रानात गेला म्हणजे शेतावर गेला.

"रान बगायला येवढ्या लांब कामून नेऊन राहिलाव?" तो म्हणाला. "रान हाय की आमच्या घरी. सोयाबीन काढायला माणसं मिळंनात. आणा समदा वर्ग तिकडंच."

मला हसू आलं आणि रागही आला. मग जंगल म्हणून बघितलं, तर ते आणखी वाईट. तरण्याताठ्या पोरी, जंगल, मुक्काम! तो खुर्चीवरून उठायलाच लागला. मी सहलीची फाइल ओढायला टेबलावर वाकले तेव्हा ओढणी सरकली आणि माझ्या गळ्यातला दोरा आणि त्यातली लिंगाची चांदीची डबी त्याला दिसली. तो परत खाली बसला.

"म्याडम, तुमी आपल्यातल्या?"

"हो. लिंगायतच."

"मग आदी सांगायचं की!" त्यानं माझ्याच हातातलं पेन घेतलं आणि सही ठोकली. "लिंगधारी बाई संगं हाय म्हणल्यावर आमाला काय फिकर? न्या कुठं न्यायचं तिथं."

पोरगी दाराशी उभी होती. बापासारखाच दोरा तिच्याही गळ्यात होता, पण चांदीबिंदी काही नाही, पांढऱ्या फडक्यात बांधलेलं लिंग आणि सुती दोरा. ती माझ्याकडं बघून हसली. त्या हसण्यात इतका विश्वास होता की मला जरा चोरट्यासारखं झालं.

कारण खरं सांगायचं तर माझं लिंगधारण नावाला होतं. आमच्यात बाळ जन्मलं की स्वामी येऊन लिंग बांधतात. ते अंगावरून उतरवायचं नाही. रोज अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच तोंडात काही घालायचं. माझ्या सासूबाई त्या तळहाताकडं अर्धा अर्धा तास बघत बसतात. माझी पूजा गॅसवर कुकर ठेवून व्हायची. शिट्टी झाली की पूजा संपली. सातच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी तर डबीवरनंच नमस्कार. कधी कुणी विचारलं नाही आणि मीही कधी मनाला लावून घेतलं नाही.

कागदोपत्री आमच्या सहलीचं नाव 'विज्ञान व सांस्कृतिक अभ्यास सहल' असं होतं. सांस्कृतिक एवढ्याचसाठी की तिथल्या एका शाळेत आमच्या पोरींनी लेझीम दाखवायची आणि त्या पोरांनी त्यांचं यक्षगान. बसच्या टपावर वीस लेझिमी बांधल्या होत्या. ऑक्टोबर संपत आला होता, पाऊस सरला असणार असा सरांचा अंदाज. अंदाज बांधणारा माणूस मराठवाड्यातला. आमच्याकडं पावसाचं येणंजाणं म्हणजे पाव्हण्यासारखं. तिथं तो घरजावई होऊन बसलेला असतो हे त्यांना कुठून ठाऊक असणार!

आता माझंच सांगते. वर्षावन मी वर्गात किती वर्षं शिकवलं त्याची गणती नाही. फळ्यावर आकृती काढायची, वरचा थर, मधला थर, खालचा थर, वेली, बांडगुळं, झाडाच्या बुडाशी भिंतीसारखी वाढलेली मुळं. सगळं तोंडपाठ. प्रत्यक्ष पाऊल टाकलं आणि पहिल्या पाच मिनिटांत माझा जीव गुदमरला. आभाळच नव्हतं. वर बघावं तर पानं, त्यांच्या वर पानं. भर दुपारी दिवेलागणीसारखा उजेड. आम्ही काळ्या मातीतली माणसं, दोन कोसांवरचं देवळाचं शिखर दिसलं नाही तर आम्हाला चुकल्यासारखं होतं. तिथं चार हातांवरचं माणूस दिसत नव्हतं. पोरं मात्र खूश. आणि ती देगलूरची पोरगी तर वेडीच झाली होती. एका झाडाच्या भिंतीएवढ्या मुळांना हात लावून म्हणाली, "मॅडम, आकृतीत हे येवढं मोठं न्हाई वाटलंतं." मी म्हणाले, "माझी आकृती लहान होती गं."

आमचा मुक्काम रानाच्या कडेच्या एका अभ्यासकेंद्रात. लांब व्हरांडा, दोन मोठ्या खोल्या, मागं चूल. एक वाटाड्या आणि स्वयंपाकाला एक म्हाताऱ्या अज्जी. अज्जींना कानडीशिवाय काही येत नव्हतं आणि आमच्यात कानडी येणारी ती एकटीच पोरगी, कारण देगलूरकडं निम्म्या घरांत आजी कानडीच बोलते. उदगीरची म्हणून मलाही यायला हवी होती, पण माझी कानडी बाजारात भाव करण्यापुरती. मीठ जास्त झालं, पाणी गरम करा, सगळं तिच्यामार्फत. अज्जी तिला जवळ बसवून पहिली भाकरी तिला द्यायच्या. ती आधी पूजा करायची, मग खायची. मी तिच्या शेजारीच बसून पोटभर नाश्ता केलेला असायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाटाड्या आम्हाला ओढ्यापलीकडं घेऊन गेला, आणि तिथं जळवा लागल्या. जळू आम्ही चित्रात बघितलेली. पायमोज्यांवर, बाहीत, मानेवर. पोरींनी एकच कालवा केला. मी सगळ्यांवर ओरडत होते, गप, काही होत नाही, आणि खरं तर सगळ्यात जास्त मीच भ्याले होते. चष्म्यावर वाफ धरलेली. तेवढ्यात ती पोरगी म्हणाली, "मॅडम, मानंवर हाय बगा काय तरी." मी बघितलं तर तिच्या मानेवर ओलं, काळपट, लांब काहीतरी चिकटलेलं. डोळे मिटले, चिमटीत धरलं आणि जीव खाऊन ओढलं.

ते तुटेना. ताणलं गेलं. मग डोळे उघडले तर माझ्या चिमटीत तिचा दोरा. घामानं आणि चिखलानं काळा पडलेला. जळू दोन बोटं खाली होती. मी दोरा सोडला, जळूवर तंबाखूचं पाणी चोळलं, ती पडली. "गेली गं बाई," म्हणाले आणि पुढच्या पोरीकडं वळले. दोरा ओढला गेला, त्याची गाठ बघावी, हे माझ्या डोक्यात आलं होतं. आलं होतं, पण मी बघितली नाही. जळूला घाबरून दोरा ओढला हे पोरींना कळलं असतं तर वर्षभर हसल्या असत्या.

संध्याकाळी दिवे लागायच्या आत ती माझ्याकडं आली. चेहरा पांढराफटक. हात छातीवर धरलेला.

"मॅडम, माझं लिंग न्हाई."

आम्ही सगळं उलथंपालथं केलं. कपडे झटकले, बॅगा उलट्या केल्या, न्हाणीघराची मोरी चाचपली. कुठंच नाही. ओढ्यापलीकडच्या वाटेवर कुठंतरी पडलेलं होतं हे उघड होतं. कधी ढिलं झालं हे मला एकटीला ठाऊक होतं. मी तोंडात गुळणी धरली.

त्याच रात्री पाऊस सुरू झाला आणि सकाळपर्यंत थांबला नाही. उजाडल्यावर सर, वाटाड्या आणि चार पोरं शोधायला गेली आणि अर्ध्या तासात परत आली. ओढा फुगला होता, त्यावरचा लाकडी साकव वाहून गेला होता. तेवढ्यात बसचा ड्रायव्हर रस्ता बघून आला, म्हणाला, घाटात दरड आली, झाडं आडवी झाली, विजेचे खांब पडले. बस निघणार नाही, खालून कुणी वर येणार नाही. मोबाइलला रेंज नाही. सरांनी व्हरांड्यात उभं राहून हे सगळं सांगितलं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना सुट्टी मिळाली होती. मी आत गेले आणि भिंतीला टेकून बसले.

कारण पोरीनं अन्नपाणी सोडलं होतं.

मला वाटलं, भुकेपुढं कुणाचं काय चालतं? दुपारी खाईल. अज्जींनी तांदळाची पेज आणली. ती हात जोडून कानडीत काहीतरी म्हणाली. अज्जींनी ताट उचललं आणि पदरानं डोळे पुसत गेल्या.

"अगं, पाणी तरी पी," मी म्हणाले. "पाण्याला काय होतंय?"

"लिंगाबिगर पानी बी चालत न्हाई, मॅडम. तुमाला म्हाईत हाय की."

तुम्हाला माहीत आहे की! ती हे ताणून बोलली नाही, टोमणा तर अजिबात नव्हता. तिला खरंच वाटत होतं की मला माहीत आहे. नाही माहीत असं म्हणावं तर गळ्यातल्या डबीचा अर्थ काय? आणि माहीत आहे म्हणावं तर तिला पाणी पी म्हणायला माझी जीभ रेटली कशी?

अज्जींकडून तिनं चौकशी केली होती. नवं लिंग द्यायचं तर स्वामींनीच द्यायला पाहिजे. खालच्या गावात मठ होता, स्वामी होते, पण मधे दरड. मी छत्री घेऊन दरडीपर्यंत चालत गेले. डोंगर रस्त्यावर येऊन बसला होता, झाडांची मुळं वर. पलीकडं माणसं कुऱ्हाडी चालवत होती, त्यांचा आवाज येत होता. मी हाका मारल्या. पावसात कुणाला ऐकू जाणार? परत येताना इतकी रडले की विचारू नका. बापाची सही डोळ्यांपुढं यायची. लिंगधारी बाई संगं हाय.

तो दिवस तसाच गेला. पोरं पत्ते खेळली, लेझीम खेळली, वाटाड्याकडून बेडकांचे आवाज ओळखायला शिकली. चार भिंती, वर पत्रा, पत्र्यावर पाऊस. तोंडात बोललेलं शेजारच्याला कळत नव्हतं. मला त्या व्हरांड्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडं फेऱ्या मारायचंही सुधरेना. दर फेरीला ती पोरगी दिसायची, खिडकीशी बसलेली, ओठ सुकलेले. रडत नव्हती. वहीत पानांची चित्रं काढत होती.

संध्याकाळी सर म्हणाले, "मॅडम, तिला उठताना चक्कर आली आत्ता. माझं ती ऐकणार नाही, मी पडलो बाहेरचा. तुम्ही तिच्यातल्या. तुम्हीच काहीतरी सांगा. धर्मात काही वाट असेल ना?"

"असेल की!" मी खेकसले. "वाट तेवढी त्या दरडीपलीकडं आहे." राग त्यांच्यावर नव्हताच.

तिच्याजवळ जाऊन बसले. म्हणाले, समजा तुला काही झालं, मी तुझ्या वडलांना काय सांगू? ती म्हणाली, "मला काय हुत न्हाई, मॅडम. माझी आजी आशीच तीन दिस राहिलती, नदीत पडलंतं तिचं." मग माझ्या हातावर हात ठेवून, "तुमी नका परेशान होऊ." म्हणजे तहानेनं ती तडफडणार आणि धीर मला देणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. डोळे उघडे, पण अंगात त्राण नाही. नाडी धरली तर पळत होती. अज्जी माझ्याशी कानडीत भराभरा बोलत होत्या आणि मला एक शब्द कळत नव्हता. शब्द सांगणारीच निजलेली. सर तोंड धुऊन आले आणि माझ्याकडं बघत उभे राहिले.

तेव्हा मला ती अक्कल सुचली. अक्कल कसली, दुर्बुद्धी म्हणा.

पानांचे नमुने गुंडाळायला मलमलचं कापड नेलं होतं. त्याचा तुकडा फाडला, छत्री घेतली आणि ओढ्याकडं बघून येते म्हणून निघाले. एका झाडाच्या मुळांच्या आडोशाला बसले. गळ्यातली चांदीची डबी उघडली आणि लिंग बाहेर काढलं. काळंभोर, गुळगुळीत, जांभळाएवढं. इतकी वर्षं गळ्यात होतं, पण असं नीट मी ते क्वचितच बघितलं असेल. मलमलमध्ये बांधलं, गाठ मारली, चिखलात चांगलं लोळवलं. रिकामी डबी पर्समध्ये टाकली. दोनदा मागं वळून बघितलं. पापाचं भय म्हणून नव्हे हो! पकडले गेले तर काय, एवढंच. आणि मग ओरडत, पळत, चिखलात दोनदा घसरत केंद्राकडं आले. "मिळालं! मिळालं गं!"

काय आनंद झाला सगळ्यांना! पोरींनी मला मिठ्या मारल्या. अज्जींनी बोटं मोडून माझी दृष्ट काढली. पोरीला दोघींनी धरून उठवलं, अंघोळ घातली, ओलेत्या केसांनीच ती पाटावर बसली आणि कापडाची गाठ सोडून तिनं लिंग डाव्या तळहातावर घेतलं.

ती बघत राहिली. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"कुठं घावलं, मॅडम?"

"ओढ्याच्या काठाला. मुळांत अडकलं होतं. दोरा गेला वाहून." माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं, आणि ते मात्र खरं होतं.

"हाव," ती म्हणाली.

तिनं भस्म लावलं, पाणी वाहिलं, पूजा केली. मग तिनं हात पुढं केला आणि अज्जींनी पेजेची वाटी दिली. पहिला घोट तिच्या घशाखाली उतरलेला मी बघितला आणि माझी भूक चाळवली. दोन दिवस माझ्याही पोटात नीट काही नव्हतं. अज्जींनी पान मांडलं, गरम भात, सार, वर लोणचं. मी तिच्या समोरच बसले आणि असा आडवा हात मारला की सरसुद्धा हसले. तीनदा भात घेतला.

पाऊस दुपारी उघडला. घाटातली एक बाजू मोकळी व्हायला दुसरा दिवस उजाडला. शाळेतला कार्यक्रम राहिलाच. पोरींनी अज्जींपुढंच लेझीम केली आणि अज्जींनी त्यांना यक्षगानातला एक नाच करून दाखवला, या वयात गिरक्या घेऊन. सगळे हसले. मी हसत होते, पण नजर त्या पोरीकडं. तिनं कापडाला नवा दोरा ओवून गळ्यात घातलं होतं. तिचा हात तिकडं गेला की मी दुसरीकडं बघायचे. ती सगळं घासभर खायची, जास्त नाही. आजारातून उठलीय, म्हणून सोडून दिलं. मनात माझं नियोजन पक्कं होतं. नांदेडला पोचले की ओळखीच्या स्वामींकडून गुपचूप दुसरं लिंग घ्यायचं, डबीत घालायचं, सासूबाईंना पत्ता लागू द्यायचा नाही. पोरीचं चाललंय तसं चालू द्यायचं. कुणाचं काय बिघडलं?

बस दुपारी निघाली, रात्रभर चालली. सकाळी बिदर मागं पडलं आणि दोन्ही बाजूंनी काळी सपाट जमीन लागली. तुरीची शेतं, आणि वर हे एवढं आभाळ. पोरं खिडकीतून हात बाहेर काढून ओरडायला लागली. देगलूर तासाभरावर आलं तेव्हा ती पोरगी उठून माझ्या शेजारी येऊन बसली. ओंजळीत मलमलची पुरचुंडी.

"घ्या, मॅडम. देगलूर यायच्या आदी घाला गळ्यात."

"काय गं हे?" मी आपलं म्हणून बघितलं.

"तुमचं हाय."

बसच्या आवाजात दुसऱ्या कुणाला ऐकू जात नव्हतं. मी विचारलं, "कधी कळलं तुला?"

"हातात घेतल्याबरोबर. माझ्याला खालून एक खोच हाय. रोज आंगठा तिथंच जातोय. तुमचं नवंकोरं हाय, मॅडम. हातच लागलेला न्हाई त्याला."

"मग तू पेज कशी घेतलीस?"

तिनं ओंजळीतली पुरचुंडी माझ्या मांडीवर ठेवली. मग सांगायला लागली, हळूहळू, धडा म्हणून दाखवावा तसं. "मला वाटलं, मॅडमनी सोताचं काढून दिलं. म्हंजी आता माझ्यापायी त्या उपाशी राहणार. घरी काय सांगतील, कोण काय म्हणंल, कशाचा इचार केला न्हाई त्यांनी. येवढं करून बी मी हट्ट धरला तर दोगी बी मरू. म्हणून खाल्लं. म्हणलं, नेम मोडला तर मोडू दे, पर मॅडमनी दिलेलं वाया जाऊ द्यायचं न्हाई."

"अगं..."

"मग तुमी जेवायला बसलाव," ती म्हणाली.

मला माझं पान आठवलं, तीनदा वाढलेला भात आठवला, तिच्या अगदी समोर बसून चाटलेलं लोणचं आठवलं. इतक्या दिवसांत माझ्या गळ्यात काही नाही हे मला एकदाही जाणवलं नव्हतं. पकडले जायची भीती होती, पण उपाशी राहायचं माझ्या मनातही आलं नाही. तिनं माझ्याबद्दल जे मानलं होतं ते मी नव्हतेच कधी. निदान दोऱ्याचं तरी सांगावं, तो मीच ओढला, गाठ मी बघितली नाही, हे सांगावं म्हणून तोंड उघडलं. एवढं मोठं माझं तोंड! शब्द फुटला नाही. आजवर कुणाला सांगितलं नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

देगलूरला बस थांबली. तिचा बाप उभा होता, तीन दिवस फोन लागला नाही, रात्री बस निघाल्याचा सरांचा निरोप मिळाला म्हणून सकाळपासून स्टँडवर येऊन बसलेला. पोरगी उतरली आणि पाया पडायच्या आधीच म्हणाली, "आप्पा, माझं लिंग तिकडं हरपलं. सापडलं न्हाई. आदी उपाशी राहिले, मग मी खाल्लं. माझ्या मनानं खाल्लं."

बापाचा चेहरा पडला. मग त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "जित्ती आलीस ना माय. बस झालं. स्वामींना घरी बोलावतो आजच." हातगाड्यावरून त्यानं तीन चहा सांगितले. पोरीनं मान हलवली. "स्वामी येऊस्तर न्हाई, आप्पा. आता घर आलंय." त्यानं तिचा कप परत ठेवला, आपलाही ठेवला, आणि उरलेला माझ्या हातात दिला.

"घ्या म्याडम. तुमी संगं हुत्या म्हणून पोरगी वाचली. मला म्हाईत हाय, तुमी बी तिच्यासाठी लई सोसलं आसंल."

"हाव आप्पा," पोरगी म्हणाली. "मॅडमनी लई केलं."

माझ्या डाव्या हाताच्या मुठीत ती पुरचुंडी होती, ओढणीखाली. गळ्यात घालायला वेळच झाला नव्हता, किंवा हिंमत. उजव्या हातात चहा. नको म्हणायला किती सोपं होतं! पण का नको ते त्या माणसाला सांगावं लागलं असतं. तो हात बांधून, आदरानं, मी पिण्याची वाट बघत होता. पोरगी माझ्या मुठीकडं बघत होती. मग तिनं माझ्याकडं पाठ केली, आणि बसच्या टपावरची तिची बॅग खाली दे म्हणून क्लीनरला हाका मारायला लागली.

ती वळली, आणि मी तो चहा प्याले.